स्पर्धा, अनुकरण आणि नवनिर्मिती

स्पर्धा या शब्दाविषयी आपल्या मनात दुहेरी भावना असते. आखाड्यात किंवा संगीताच्या बैठकीत दोन तुल्यबळ माणसे एकमेकांसमोर उभी राहिली की आपण त्यांचे कौतुक करतो. तीच चुरस बाजारात शिरली म्हणजे तिला हमरीतुमरी म्हणून नाक मुरडतो. या दोन्ही भावनांना आधार आहे. एकाच धंद्यातील दोन माणसे परस्परांवर नजर ठेवून काम करू लागली की त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. समोरच्याने जे केले तेच थोड्या कमी दामात करून दाखवावयाचे, ही एक. आणि समोरच्याने जे केले नाही, किंवा त्याला जे सुचणेच शक्य नव्हते, ते करावयाचे, ही दुसरी. पहिल्या वाटेने नक्कल वाढते, दुसरीने नवनिर्मिती. मग एकाच स्पर्धेतून कधी ही तर कधी ती वाट का फुटते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

या प्रश्नाचे अलीकडचे आणि सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे व्हिडिओ गेमची यंत्रे, ज्यांना कन्सोल म्हणतात, ती तयार करणाऱ्या कंपन्यांचे. अटारी, निन्टेन्डो, सेगा, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट ही नावे आता मराठी घरांतील मुलांनाही पाठ असतात. परंतु या कंपन्यांच्या चुरशीची कथा वाचीत असता मला वारंवार आठवण होते ती आपल्याच घरच्या एका जुन्या चुरशीची. नाशिक, कोल्हापूर आणि पुणे या तीन गावांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी माणसांनी चित्रपटाचा धंदा उभा केला, आणि त्या धंद्यात परस्परांशी जी स्पर्धा केली, तिचे आणि कन्सोलच्या स्पर्धेचे साम्य वरवरचे नाही. दोन्ही ठिकाणी विकावयाचा असतो तो आनंद. दोन्ही ठिकाणी हा आनंद एका यंत्राच्या द्वारा मिळतो. आणि दोन्ही ठिकाणी यंत्र कितीही चांगले असले तरी त्यावर दाखवावयास चांगली कृती नसेल तर ते यंत्र फुकट जाते. कारागिरी आणि कला यांची अशी सांगड ज्या धंद्यात पडते, तेथे स्पर्धेचे गुणदोष विशेष स्पष्ट दिसतात.

प्रथम आपल्या घरची हकीकत पाहू. ७ जुलै १८९६ या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी परदेशातून कॅमेरा मागवून हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचे चित्रण केले. १९१२ च्या मे महिन्यात दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात दाखविण्यात आला. तो एका नाटकाचे चित्रण होता. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, त्याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि भारतीय कथापटाचा पाया घातला गेला. फाळके यांनी त्यासाठी लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला होता. म्हणजे इथपर्यंत कल्पकता आपली, कथा आपली, माणसे आपली. परंतु यंत्र मात्र विलायतेचे, अशी स्थिती होती. पैसा उभा केला की यंत्र मिळत असे, आणि पैसा उभा करता आला नाही तर चित्रपटाचे नाव काढता येत नसे.

कोल्हापुरास आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे दोन चुलतभाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. पडदे रंगविण्याच्या या कसबामुळेच त्यांना ‘पेंटर’ हे नाव पडले व तेच पुढे आडनाव झाले. फाळक्यांचे चित्रपट पाहून त्यांच्या मनाने घेतले की आपणही चित्रपट काढावयाचा. पण कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा त्यांनी एक जुना प्रक्षेपक, म्हणजे चित्र पडद्यावर टाकणारे यंत्र, मिळविला आणि तो उलगडून त्यावरून कॅमेरा तयार करण्याचा उद्योग आरंभिला. हा उद्योग वेडेपणाचा नव्हता. प्रक्षेपक आणि कॅमेरा यांच्या पोटात मुळात एकच युक्ती असते. फिल्म अखंड धावत नाही. एका सेकंदात सुमारे सोळा वेळा ती थांबते आणि पुन्हा पुढे सरकते. थांबली असता झडप उघडते, सरकत असता झडप मिटते. प्रक्षेपकात आतला प्रकाश या उघडझापीतून बाहेर पडतो, कॅमेऱ्यात बाहेरचा प्रकाश आत येतो, एवढाच फरक. ज्याला एक यंत्र खरोखर समजले त्याला दुसरे समजणे अशक्य नाही. तथापि समजणे आणि घडविणे यांत मोठे अंतर असते. या खटाटोपातच १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याला हाताशी घेऊन त्यांनी कॅमेरा पुरा केला, आणि त्या कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा या कंपनीचा पहिला चित्रपट लोकांपुढे आला. लोकमान्य टिळकांनी तो पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी व सुवर्णपदक दिले.

आता ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, बाबूरावांनी यंत्राचे अनुकरण केले, परंतु चित्रपटाचे अनुकरण केले नाही. फाळके हे छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग यांत मुरलेले गृहस्थ होते. हनुमान आकाशात उडतो आहे, कृष्ण कालियाच्या फण्यावर नाचतो आहे, असे चमत्कार पडद्यावर उतरविण्यात त्यांचा हातखंडा होता. ‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’ यांचे यश या चमत्कारांत होते. बाबूराव हे चित्रकार. त्यांची नजर चमत्कारापेक्षा रेषेकडे, छायाप्रकाशाकडे आणि वेशभूषेकडे वळली. पात्रांचे कपडे, त्यांचे उभे राहणे, त्यांच्या हालचाली यांची रेखाटने ते आधी करून ठेवीत. आयुष्यभर रंगविलेले सपाट पडदे त्यांनीच बाजूस सारले आणि त्यांच्या जागी भरीव नेपथ्य उभे केले. पुढे १९२५ साली त्यांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत मजुरीला जाणारा शेतकरी हा त्याचा नायक. आणि ती भूमिका करणारा तरुण म्हणजे शांताराम वणकुद्रे. देवदेवतांच्या चित्रपटांना गर्दी लोटत असता एका कर्जबाजारी कुणब्याची कहाणी सांगावयास मोठे धैर्य लागत होते. फाळक्यांची स्पर्धा नसती तर हे धैर्य बाबूरावांना झाले असते काय, हे सांगता येणार नाही. पण पुराणकथांच्या प्रांतात फाळक्यांचे आसन इतके पक्के होते की दुसऱ्या प्रतिभावान माणसाला नवी जागा शोधणे भागच होते.

आता या हकीकतीच्या शेजारी कन्सोलच्या उगमाची हकीकत ठेवून पाहावी. राल्फ बेअर या नावाचे एक अभियंते लहानपणी जर्मनीतून निर्वासित होऊन अमेरिकेत आले होते. घरोघरच्या दूरचित्रवाणी संचाचा उपयोग केवळ पाहण्यासाठी न होता खेळण्यासाठीही व्हावा, या कल्पनेवर त्यांनी १९६६ पासून काम केले, आणि १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीने त्यांचे ‘ओडिसी’ हे यंत्र बाजारात आणले. हे पहिले घरगुती कन्सोल. त्यात आवाज नव्हता, गुण मोजण्याची सोय नव्हती, आणि मैदानाचे चित्र दिसावे म्हणून पारदर्शक रंगीत पत्रे दूरचित्रवाणीच्या काचेवर चिकटवावे लागत. हे पत्रे म्हणजे एका अर्थी नाटकाचे रंगविलेले पडदेच होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नोलन बुशनेल या तरुणाने या यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले, आणि लवकरच त्यांच्या अटारी कंपनीतील ॲलन ऑलकॉर्न यांनी चेंडूफळीचा ‘पाँग’ हा खेळ तयार केला. मॅग्नाव्हॉक्सने न्यायालयात दावा लावला, आणि १९७६ साली अटारीने परवान्याचे मूल्य देऊन तडजोड केली.

एवढेच ऐकले तर अटारीने केवळ चोरी केली असे वाटेल. परंतु ऑलकॉर्न यांनी केलेली भर लहान नव्हती. त्यांच्या खेळात चेंडू फळीच्या ज्या भागावर आदळेल त्याप्रमाणे निरनिराळ्या कोनांत परतत असे. खेळ लांबला की त्याचा वेग वाढत असे. आदळण्याचा आवाज येई आणि गुण पडद्यावर उमटत. यामुळेच तो खेळ पुनःपुन्हा खेळावासा वाटे. मूळ कल्पना बेअर यांची, पण त्या कल्पनेत रंगत भरली ऑलकॉर्न यांनी. कायद्याने पहिल्याचा हक्क मान्य केला, लोकांनी दुसऱ्याला डोक्यावर घेतले, आणि माझ्या मते दोघांचाही निवाडा योग्य होता. कोणतीही कला पूर्णतः कोरी अशी जन्मास येत नाही. मागच्याने ठेवलेले घ्यावे, ज्याचे घेतले त्याचे देणे मान्य करावे, आणि घेतलेल्यात स्वतःची भर घालावी, इतकीच अपेक्षा आपल्याला करता येते. भर न घालता घेतो तो नक्कल करतो.

स्पर्धेचा दुसरा एक प्रकार याहून नाजूक असतो. तो परक्यांत नव्हे, तर एकाच छताखाली जन्मतो. १९२९ साली महाराष्ट्र फिल्म कंपनीतून दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर ही कर्ती मंडळी बाहेर पडली आणि १ जून १९२९ रोजी त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ज्या शिष्याने गुरूबरोबर बसून कॅमेऱ्याचा एकेक भाग जुळविला होता, त्यानेच आता गुरूच्या गावात दुसरी कंपनी काढली. गुरुशिष्यसंबंधाला पावित्र्य मानणाऱ्या आपल्या समाजात हे कित्येकांना रुचले नसेल. परंतु बरोबर अर्ध्या शतकानंतर, १९७९ साली, अमेरिकेत असेच घडले. अटारीच्या खेळांचे चार रचनाकार बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. त्यांची एक तक्रार पैशाची होती आणि दुसरी नावाची. आपण रचलेल्या खेळावर आपले नाव असू नये, हे त्यांना सहन होईना. ॲक्टिव्हिजनने रचनाकारांची नावे खोक्यांवर छापली. यंत्र एकाने करावे आणि त्यावरचे खेळ दुसऱ्या स्वतंत्र संस्थेने रचावे, ही आज सर्वमान्य झालेली व्यवस्था त्या फुटीतून निघाली.

सरकारी नोकरीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाला या दोन्ही फुटींचे मर्म कळण्यास अडचण पडू नये. मोठ्या संस्थेत काम करणारा मनुष्य केवळ वेतनासाठी राहत नाही. आपण केलेले काम आपले म्हणून ओळखले जावे, आणि आपल्याला सुचलेली गोष्ट करून पाहण्यास वाव मिळावा, एवढ्या दोन गोष्टी त्याला हव्या असतात. त्या मिळाल्या नाहीत तर हुशार माणसे निघून जातात आणि आज्ञाधारक तेवढी उरतात. प्रतिस्पर्धी बाहेरून येतो असे आपण समजतो, पण पुष्कळदा त्याला आपणच घरात वाढविलेले असते.

स्पर्धेचे सर्वांत निष्ठुर रूप दिसते ते यंत्राची पिढी बदलते तेव्हा. १४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ मुंबईत प्रदर्शित झाला आणि चित्रपट बोलू लागला. त्या दिवसापासून मूकपटाचे सारे कसब जणू अर्ध्या किमतीचे झाले. ध्वनिमुद्रणाची यंत्रे महाग होती, बाहेरचा आवाज आत न येऊ देणारे कलागृह बांधावे लागे, गाणारी व बोलणारी नटमंडळी लागत. ज्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने स्वतःचा कॅमेरा घडविला होता ती या सुमारास बंद पडली. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. प्रभातने मात्र ही उडी वेळेवर मारली. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी ‘अयोध्येचा राजा’ हा त्यांचा बोलपट आला. त्याची कथा हरिश्चंद्राचीच, म्हणजे फाळक्यांनी १९१३ साली निवडलेलीच होती. पण तेव्हा तारामतीचे काम साळुंके या पुरुष नटाने केले होते. आता ते दुर्गा खोटे यांनी केले, आणि गोविंदराव टेंबे यांचे संगीत त्याला लाभले. एकोणीस वर्षांत तीच कथा, तीच भूमी आणि तोच प्रेक्षक. परंतु कला एक संपूर्ण टप्पा पुढे गेली होती.

कन्सोलच्या जगातही असे प्रलय झाले. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत या धंद्याचा डोलारा कोसळला. त्याचे एक प्रमुख कारण नकलांचा पूर हे होते. एक खेळ चालला की त्याच्यासारखे अनेक खेळ घाईघाईने रचून बाजारात ओतले जात; गिऱ्हाईक दोनदा फसले की तिसऱ्यांदा दुकानाकडे फिरकत नसे. अटारीने न खपलेले खेळ न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरले. २०१४ साली ते उकरून काढण्यात आले तेव्हा या दंतकथेची खात्री पटली. नक्कल करणारा प्रतिस्पर्ध्याचे नुकसान करतो असे आपण म्हणतो. येथे नकलाकारांनी सर्वांच्याच पायाखालची जमीन खणून काढली. या पडझडीनंतर अमेरिकेत पाय रोवले ते क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने. ही कंपनी १८८९ साली हानाफुदा नावाचे जपानी खेळपत्ते तयार करण्यासाठी निघाली होती. तिने १५ जुलै १९८३ रोजी जपानात आपले ‘फॅमिकॉम’ यंत्र विक्रीस काढले, आणि योगायोग असा की त्याच दिवशी सेगा कंपनीनेही आपले पहिले घरगुती यंत्र बाजारात आणले. पुढे अठरा वर्षे चाललेल्या चुरशीचा तो मुहूर्त ठरला.

नवे आणि अधिक समर्थ यंत्र ज्याच्याजवळ तो जिंकणार, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. पण इतिहास त्याला दुजोरा देत नाही. प्रभात कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे ठरविले. गुरूने १९२० साली ज्या कथेवर कीर्ती मिळविली तीच कथा शिष्यांनी रंग, ध्वनी आणि जर्मनीतील प्रयोगशाळा यांच्या साहाय्याने पुन्हा सांगितली. रंग मनाजोगे उतरले नाहीत आणि चित्रपट पडला. तीन वर्षांनी त्याच कंपनीच्या दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ काढला. त्यात रंग नव्हता, परदेशी प्रयोगशाळा नव्हती. होता तो विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा, देहूचे साधे घर, आणि कीर्तनात आयुष्य मुरलेल्या लोकांची सहजता. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

रंगाच्या या चुरशीचा एक धागा ज्या झाशी जिल्ह्यातील गरौठ्यात बसून मी हे लिहीत आहे, तेथवर येऊन पोहोचतो. नेवाळकरांच्या कारकिर्दीपासून या मुलखाशी मराठी माणसाचे नाते जडले, आणि माहेरच्या तांबे असलेल्या लक्ष्मीबाईंनी ते अमर केले. सोहराब मोदी यांनी १९५३ साली ‘झाँसी की रानी’ हा चित्रपट टेक्निकलर पद्धतीने काढला. या पद्धतीचा तो भारतातील पहिला चित्रपट. ‘गॉन विथ द विंड’च्या छायाचित्रकारांपैकी एक असलेले अर्नेस्ट हॅलर यांना त्यासाठी आणले होते. खर्च अमाप झाला, चित्रे देखणी आली, आणि निर्मात्याला मात्र जबर तोटा सोसावा लागला. राणीच्या कथेत रंग पुष्कळ आहे; परंतु तो फिल्मवर चढविल्याने प्रेक्षकाच्या अंतःकरणात आपोआप उतरत नाही.

याचेच प्रत्यंतर कन्सोलच्या इतिहासात गुन्पेई योकोई यांच्या कार्यात मिळते. निन्टेन्डोचे हे रचनाकार म्हणत की, जे तंत्र जुने होऊन स्वस्त आणि भरवशाचे झाले आहे त्याचा नव्या दिशेने विचार करावा. त्यांच्या देखरेखीखाली १९८९ साली ‘गेम बॉय’ हे हातात धरून खेळण्याचे यंत्र निघाले. त्याचा पडदा हिरवट, त्यात रंग नाही, आतून प्रकाशही नाही. पुढच्याच वर्षी सेगाने ‘गेम गिअर’ आणले. त्याचा पडदा रंगीत आणि उजळ होता. कोणीही दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून पाहिली असती तर सेगाचेच निवडले असते. परंतु सेगाच्या यंत्राला सहा बॅटऱ्या लागत आणि त्या काही तासांत संपत. निन्टेन्डोच्या यंत्राच्या चार बॅटऱ्या कितीतरी अधिक टिकत. आगगाडीत बसलेल्या मुलाला रंगापेक्षा खेळ मध्येच बंद न पडणे महत्त्वाचे वाटले. मोडीत निघालेला प्रक्षेपक उलगडणारे बाबूराव आणि जुन्या तंत्राला नवे काम देणारे योकोई यांची गाठ कधी पडली नाही. दोघांनाही एक गोष्ट उमजली होती, ती ही की, साधन कमी असले म्हणजे बुद्धीला काम करावेच लागते.

आता खऱ्या चुरशीकडे वळू. प्रभातच्या बरोबरीने १९३६ साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स काढली. प्रभातचा हातखंडा संतपटांत आणि गंभीर सामाजिक चित्रपटांत. हंसने खांडेकर आणि अत्रे यांच्या लेखणीचा आश्रय केला आणि ‘छाया’तील करुणेबरोबर ‘ब्रह्मचारी’तील विनोद लोकांना दिला. हंसने आणखी एक संतपट काढून प्रभातशी दोन हात केले असते तर तो पाहिला गेला असता आणि विसरलाही गेला असता. दुसरा जेथे बलवान आहे तेथे न झुंजता, तो जेथे पोहोचत नाही तेथे जाऊन घर बांधणे, यात हंसचे शहाणपण होते. सेगानेही १९९१ साली हेच केले. निन्टेन्डोचा मारिओ हा मध्यमवयीन, गोलमटोल आणि संथ. त्याच्या समोर सेगाने सॉनिक नावाचे निळे, विजेच्या वेगाने धावणारे साळिंदरासारखे जनावर उभे केले. एकाच्या खेळात शोधण्याचा आनंद, दुसऱ्याच्या खेळात धावण्याचा. दोन्ही टिकले, कारण दोन्ही वेगळे होते.

त्याच १९९१ साली घडलेला दुसरा प्रसंग मात्र स्पर्धेची वेगळी बाजू दाखवितो. निन्टेन्डो आणि सोनी यांच्यात एका सामाईक यंत्राचा करार झाला होता. सोनीने शिकागोच्या प्रदर्शनात त्याची घोषणा केली, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्स कंपनीशी हातमिळवणी केल्याचे जाहीर केले. हा अपमान सोनीने गिळला नाही. डिसेंबर १९९४ मध्ये तिने स्वतःचे ‘प्लेस्टेशन’ बाजारात आणले आणि दोन्ही जुन्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. शब्द मोडून मिळविलेला लाभ किती अल्पजीवी असतो याचे हे ठळक उदाहरण म्हणून व्यापारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. सेगाला या तिहेरी लढाईचा भार पेलवेना; २००१ साली तिने कन्सोल तयार करणे सोडून दिले.

हरलेल्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न विजयाच्या गोष्टींत सहसा विचारला जात नाही. सेगाने यंत्र सोडले, पण खेळ रचणे सोडले नाही, आणि त्याच वर्षअखेर सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला. ज्या प्राण्याची निर्मितीच निन्टेन्डोला हरविण्यासाठी झाली, त्याला निन्टेन्डोने आपल्या अंगणात जागा दिली. आपल्याकडे १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला. निर्मिती शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराची, आणि दिग्दर्शक म्हणून शांताराम यांच्याबरोबर नाव होते बाबूराव पेंटर यांचे. अठरा वर्षांपूर्वी गुरूच्या घरातून बाहेर पडलेल्या शिष्याने आपल्या घरी गुरूला कामास बोलाविले, आणि गुरूनेही ते स्वीकारले. त्या दोघांच्या मनात काय होते हे कळण्यास मार्ग नाही. तथापि त्यांचे काम पडद्यावर एकत्र उमटले आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. सर्वांच्याच वाट्याला असा शेवट आला नाही. दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले तेव्हा त्यांनी उभ्या केलेल्या धंद्याला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हावयास १९६९ साल उजाडावे लागले. प्रभातही पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या पुण्यातील जागेत १९६० साली चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था निघाली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

या साऱ्या इतिहासाचे आज आपल्याला काय प्रयोजन, असे कोणी विचारील. गरौठ्यासारख्या तहसिलीच्या गावी संध्याकाळी बाजारातून फेरी मारली तर दुकानाच्या पायरीवर चार-पाच मुले मोबाइलवर खेळात गढलेली दिसतात. त्यांची बोटे विलक्षण चपळ असतात आणि जगातील कोणत्याही शहरातील मुलांशी ती बरोबरी करतील याविषयी मला शंका नाही. परंतु त्यांच्या हातांतील यंत्राची कल्पना दुसऱ्यांची, आणि बहुतेक खेळही दुसऱ्यांनी रचलेले. १९१३ साली कोल्हापुरातील दोन पडदे रंगविणारे भाऊ नेमके याच ठिकाणी उभे होते. त्यांच्यापुढेही परक्या यंत्रावर चाललेला एक मोहक खेळ होता, आणि तो पाहून टाळ्या वाजवून घरी जाण्यास त्यांना कोणाची मनाई नव्हती. त्यांनी यंत्र उलगडले एवढाच त्यांच्यात आणि इतर प्रेक्षकांत फरक.

अशी माणसे हुकुमाने निर्माण होत नाहीत हे शासनाच्या नोकरीतील माझ्यासारख्याने आधी कबूल केले पाहिजे. परंतु त्यांच्या वाटेतील काही अडथळे दूर करणे शासनाच्या आणि समाजाच्या हाती असते. कल्पकाचा हक्क सांभाळणारा कायदा हवा, पण दुसऱ्याला भर घालण्याची वाट बंद करील इतका तो ताठर नसावा. एकाच मोठ्या घराच्या हाती सारा बाजार जाऊ नये, कारण फाळक्यांना पेंटर आणि प्रभातला हंस भेटण्यातच कलेचे हित असते. मुलाने घरातील बंद पडलेले यंत्र उघडले तर त्याच्या पाठीत धपाटा घालण्यापूर्वी वडिलांनी क्षणभर थांबावे. आणि वेळप्रसंगी तानीबाईंप्रमाणे कोणीतरी आपली पुंजी एखाद्या वेड्या माणसाच्या स्वाधीन करावी. कोल्हापुरात या गोष्टी एके काळी जुळून आल्या. त्या पुन्हा कोठे जुळून येतील हे सांगता येत नाही. त्या कोल्हापुरातच येतील असे नाही, आणि गरौठ्यात येणारच नाहीत असेही नाही.